सनदशीर माणूस : यान टोनिसन

द्वितीय वर्ष, कला

आमच्या घरात माणसांच्या मरणाच्या तिथी सर्वांना पाठ आहेत, जन्माच्या मात्र कोणालाच ठाऊक नाहीत. वडिलांचे नाव शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून ही तारीख लावली. आजोबांची तर कुठे नोंदच नाही. पण आजोबांचे श्राद्ध कधी चुकलेले मला आठवत नाही. म्हणूनच असेल कदाचित, गेल्या वर्षी ग्रंथालयातील एका जाडजूड इंग्रजी ग्रंथात एस्टोनिया देशाच्या जुन्या राष्ट्रप्रमुखांची यादी चाळताना मी एका नावापाशी अडलो. यान टोनिसन. जन्म २२ डिसेंबर १८६८. मृत्यूच्या जागी १९४१ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

जो माणूस दोनदा आपल्या देशाचा पंतप्रधान झाला, दोनदा राष्ट्रप्रमुख झाला, ज्याने अनेक वर्षे वृत्तपत्र चालवले, त्याच्या मरणाचा दिवस कोणाला सांगता येऊ नये, ही गोष्ट मला काही केल्या सुटेना. इतिहासाच्या तासाला बाल्टिक राष्ट्रे म्हणजे नकाशावरची तीन नावे. सर ती सांगतात, आपण लिहून घेतो, परीक्षेला तेवढे पुरते. मी मात्र त्या प्रश्नचिन्हाच्या मागे लागलो. इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊन जे वाचले, त्यातून हा लेख तयार झाला आहे. चुकले असेल ते माझे.

प्रथम त्या भूमीविषयी थोडे सांगितले पाहिजे. एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राच्या काठचा चिमुकला देश. १९३४ च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या सव्वाअकरा लाख भरली होती. आपल्याकडचा एखादा जिल्हा याहून मोठा असतो. तेराव्या शतकात जर्मन सरदार तेथे तलवार घेऊन आले आणि जमिनीचे मालक होऊन बसले. पुढे स्वीडनचे राज्य आले, नंतर रशियाच्या झारचे आले, पण गढीतला जर्मन जमीनदार हलला नाही. शेतात राबणारा तो एस्टोनियन. १८१६ ते १८१९ च्या सुमारास भूदासपद्धती कायद्याने संपली, पण जमीन मिळाली नाही. ती पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांनी पैसे मोजून विकत घेतली. अशा शेतकरी घरात, व्हिल्यांडी गावाच्या परिसरात टोनिसन जन्मले.

शेतकऱ्याचा मुलगा १८८९ साली टार्टू विद्यापीठात कायदा शिकू लागला. घरी एस्टोनियन बोलायची, शिष्टांत जर्मन, कचेरीत रशियन. विद्यापीठाची शिकवण्याची भाषा त्याच सुमारास जर्मनवरून रशियनवर नेण्यात येत होती. शिकला-सवरला की एस्टोनियन मुलगा हळूहळू जर्मन होऊन जायचा, घरची भाषा बोलायला लाजायचा. ही लाज काय असते हे आमच्यापैकी अनेकांना वेगळे समजावून सांगायला नको. पहिल्या वर्षी वर्गात मीही आमच्या गावाकडचे शब्द गिळून टाकत असे. टोनिसन यांनी ते केले नाही. विद्यापीठात एस्टोनियन विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते, त्याचे ते अध्यक्ष झाले आणि आपली भाषा बोलणारा माणूस सुशिक्षितही असू शकतो, हे त्या मंडळाने दाखवून दिले.

१८९२ मध्ये शिक्षण संपले. थोडे दिवस वृत्तपत्रात, थोडे दिवस रशियातील ओर्योल या शहरी न्यायखात्यात काढून ते १८९६ साली टार्टूला परतले. सरकारी नोकरीत राहते तर बढती होती, पेन्शन होते. त्यांनी मित्रांच्या मदतीने 'पोस्टिमेस' हे वृत्तपत्र विकत घेतले. या शब्दाचा अर्थ टपालवाला. १८९१ पासून ते रोज निघत असे आणि एस्टोनियन भाषेतले ते पहिले दैनिक. वकिलीचे शिक्षण झालेला हा मनुष्य खरा वकील झाला तो या टपालवाल्याच्या पाठीवर बसून. त्याचे अशील म्हणजे सारे खेडूत.

लेखणीइतकाच त्यांचा विश्वास होता सहकारावर. १९०२ साली टार्टूत एस्टोनियन लोकांची कर्ज व बचत संस्था उभी राहिली, तिच्या पुढाऱ्यांत टोनिसन होते. एस्टोनियन माणसाची ही पहिली पेढी. तोवर पैसा हवा तर जर्मनाच्या दारी जावे लागे. आमच्या गावी सोसायटीचे कर्ज मिळाले की पेरणी होते आणि थकले की वडील चार दिवस कोणाशी बोलत नाहीत, त्यामुळे पुस्तकातले हे पान मला फार सोपे गेले. राष्ट्रीय भावना वगैरे मोठे शब्द आपण व्याख्यानांत ऐकतो. टोनिसन यांना ठाऊक होते की ज्याचे शेत गहाण आहे त्याला ताठ मानेने बोलता येत नाही.

१९०५ साली रशियात क्रांतीचा वणवा पेटला. नोव्हेंबरात टार्टू येथे साऱ्या एस्टोनियातून सुमारे आठशे प्रतिनिधी जमले. सभा दुभंगली. आपल्याकडील शब्द वापरायचे तर एका बाजूस जहाल होते आणि दुसऱ्या बाजूस मवाळ. जहालांचे अध्यक्ष यान टेमांट, तेही वकीलच. त्यांना झारशाही उलथून टाकायची होती. मवाळांचे नेते टोनिसन. त्यांना संविधान हवे होते, निवडणूक हवी होती, जाळपोळ नको होती. तरुणांनी त्यांची भित्रा म्हणून हेटाळणी केली असणार. डिसेंबरात जमीनदारांच्या गढ्या जळाल्या आणि झारचे सैनिक खेड्यांत शिरले. कित्येकांना गोळ्या घातल्या, शेकडोंना फटके मारले. पुढारी पळाले. टालिनमधील दुसऱ्या वृत्तपत्राचे संपादक कॉन्स्टन्टिन पॅट्स हेही देश सोडून गेले. या पॅट्सचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. तेही कायद्याचेच पदवीधर, टार्टूचेच, आणि साऱ्या आयुष्यभर टोनिसन यांचे प्रतिस्पर्धी.

मवाळ म्हणजे भित्रा नव्हे, हे पुढच्याच वर्षी दिसले. १९०६ मध्ये रशियाची पहिली संसद, ड्यूमा, भरली आणि तीत टोनिसन निवडून गेले. झारने ती अडीच महिन्यांतच मोडली. तेव्हा सुमारे दोनशे सभासद फिनलंडमधील व्हीबोर्ग गावी जमले आणि त्यांनी जनतेला आवाहन केले की संसद परत बोलावीपर्यंत कर देऊ नका आणि सैन्यात माणूस देऊ नका. त्या कागदावर टोनिसन यांचीही सही होती. आपल्याला येथे असहकार हा शब्द आठवल्यावाचून राहत नाही. सह्या करणाऱ्यांवर खटला झाला आणि तीन महिने तुरुंगवास मिळाला. जो कायदा मोडला तो उघडपणे, नाव लिहून मोडला आणि शिक्षा भोगली. सनदशीरपणाची त्यांची कल्पना अशी होती.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस झार गेला. १९१७ साली एस्टोनियाला स्वायत्तता मिळाली, प्रांतिक सभा निवडली गेली आणि टोनिसन तिचे सभासद झाले. पुढे बोल्शेविकांनी सत्ता घेतली, सभा मोडली आणि टोनिसन यांना देशाबाहेर घालवले. २४ फेब्रुवारी १९१८ रोजी टालिनला स्वातंत्र्य जाहीर झाले, तेव्हा हा गृहस्थ परदेशात होता. स्टॉकहोमला बसून ते परक्या सरकारांची दारे ठोठावत होते. एवढासा देश स्वतंत्र मानावा म्हणून पत्रे लिहायची, भेटी मागायच्या, बाहेरच्या खोलीत थांबायचे. या कामात कीर्ती नसते.

मग स्वातंत्र्ययुद्ध झाले. ते चालू असतानाच नोव्हेंबर १९१९ मध्ये टोनिसन पंतप्रधान झाले. त्यांच्याच सरकारच्या काळात, २ फेब्रुवारी १९२० रोजी, त्यांच्या टार्टू शहरात सोव्हिएत रशियाशी तह झाला. एस्टोनियाच्या वतीने यान पोस्का यांनी वाटाघाटी केल्या, तेही वकील. रशियाने एस्टोनियाच्या भूमीवरील सर्व हक्क स्वेच्छेने आणि कायमचे सोडले, शिवाय दीड कोटी सोन्याचे रूबल दिले. कायमचे हा शब्द त्या तहात स्पष्ट आहे. वीस वर्षे टिकला.

त्यानंतरच्या काळाचा तपशील मी भराभर सांगतो, कारण सरकारे येत आणि पडत. १९२० ची राज्यघटना इतकी संसदनिष्ठ होती की राष्ट्राध्यक्ष असे पदच नव्हते. सरकारचा प्रमुख तोच राष्ट्रप्रमुख. मंत्रिमंडळ वर्षभरही टिकत नसे. टोनिसन १९२७-२८ मध्ये आणि पुन्हा १९३३ मध्ये राष्ट्रप्रमुख झाले, मध्यंतरी परराष्ट्रमंत्री झाले, दोनदा संसदेचे सभापती झाले.

आता १९३३ सालाविषयी. चरित्रनायकाचे गुणगान करताना आपल्या निबंधांतून अशी साले गाळली जातात. मी गाळणार नाही. जगभर मंदी होती. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांची एक संघटना संसदेच्या विरोधात प्रचंड वेगाने वाढत होती आणि तिला एकमुखी सत्ता हवी होती. टोनिसन यांनी चलनाची किंमत पस्तीस टक्क्यांनी उतरवली. लोक संतापले. ऑगस्टमध्ये त्यांनी आणीबाणी पुकारली, त्या संघटनेवर बंदी घातली आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण बसवले. ज्याने झारच्या काळात संपादक म्हणून हयात घालवली, त्यानेच वृत्तपत्रांवर नियंत्रण बसवले! हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. ऑक्टोबरात जनमत घेतले गेले, लोकांनी बलिष्ठ अध्यक्षाची घटना मोठ्या बहुमताने स्वीकारली आणि टोनिसन यांनी राजीनामा दिला. मला पुन्हा पुस्तक उघडावेसे वाटले ते या राजीनाम्यामुळे. आणीबाणीचे हत्यार हाती असतानाही त्यांनी लोकांचा कौल मानला आणि खुर्ची सोडली. चूक झाली नाही असे मी म्हणत नाही.

त्यांच्यामागून आलेल्या पॅट्स यांनी तेच हत्यार उचलले आणि खाली ठेवले नाही. १२ मार्च १९३४ रोजी त्यांनी आणीबाणी पुकारली, निवडणुका पुढे ढकलल्या, संसद गप्प केली, पक्ष बंद केले. १९३५ मध्ये 'पोस्टिमेस' टोनिसन यांच्या हातून काढून घेतले. जवळजवळ चाळीस वर्षांचा संसार एका हुकमाने उठला. सदुसष्टीच्या घरात आलेला हा गृहस्थ मग टार्टू विद्यापीठात सहकार हा विषय शिकवू लागला. आणि १९३६ साली चार माजी राष्ट्रप्रमुखांनी पॅट्स यांना निवेदन दिले की देशात लोकशाही परत आणा. टोनिसन, कुक्क, पीप आणि चौथे यान टेमांट. १९०५ च्या सभेत समोरासमोर उभे ठाकलेले जहाल आणि मवाळ एकतीस वर्षांनी एका कागदावर सही करतात, हे दृश्य मला या चरित्रात सर्वांत आवडते. १९३८ मध्ये नव्या घटनेनुसार निवडणूक झाली, तेव्हा विरोधी बाजूने टोनिसन टार्टूहून निवडून आले.

ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी गुप्तपणे पूर्व युरोप वाटून घेतला आणि एस्टोनिया स्टालिनच्या वाट्याला गेला. सप्टेंबरात लष्करी तळ द्यावे लागले. १७ जून १९४० रोजी सोव्हिएत फौजा साऱ्या देशात पसरल्या. चार दिवसांनी मॉस्कोहून आलेल्या झ्दानोव्हच्या देखरेखीखाली नवे सरकार आले. पंतप्रधान एक डॉक्टर आणि कवी होते, योहानेस व्हारेस. ५ जुलैला निवडणूक कायदा सरकारी फर्मानाने बदलला, जे घटनेप्रमाणे करता येत नव्हते, आणि १४ व १५ जुलैला मतदान ठरले. म्हणजे हातात नऊ दिवस.

येथे एकाहत्तर वर्षांचे टोनिसन पुन्हा उठले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की सरकारी यादीविरुद्ध मतदारसंघामतदारसंघांतून उमेदवार उभे करायचे. रस्त्यांत रणगाडे उभे आहेत आणि हे लोक उमेदवारी अर्ज भरत आहेत! सरकार गोंधळले. मग नवा नियम निघाला की प्रत्येक उमेदवाराने आपला जाहीरनामा काही तासांत सादर करावा. तोही त्यांनी केला. तेव्हा छाननीत जवळजवळ सगळे अर्ज बाद ठरवले. विरोधातला एकच उमेदवार शिल्लक राहिला आणि त्यालाही मग अटक झाली. ऐंशी जागांवर सरकारी यादी निवडून आली, मते ९२.८ टक्के. या सभेने रशियात विलीन होण्याची मागणी केली आणि ६ ऑगस्टला देश विलीन झाला. घटनेतील वरचे सभागृह बोलावण्याचीही कोणाला गरज वाटली नाही.

वसतिगृहातील माझ्या खोलीतल्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो हसला. त्याचे म्हणणे असे की अशा वेळी माणसाने एक तर बंदूक घ्यावी, नाही तर बोटीत बसून स्वीडन गाठावे. फौजेपुढे अर्ज भरणे हा शुद्ध वेडेपणा. त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. आमच्या गावच्या पंचायतीच्या निवडणुकीत चुलत्यांचा अर्ज एका कागदासाठी बाद झाला होता आणि तेही मुकाट्याने घरी आले होते, तेव्हा माझे मन मित्राच्याच बाजूचे होते. पण पुढे विचार करता वाटले की टोनिसन यांनी अर्ज भरला नसता तर ती निवडणूक बिनविरोध दिसली असती. एस्टोनियन जनता आपण होऊन रशियात गेली, असे साऱ्या जगाला सांगता आले असते. अर्ज आला म्हणून तो बाद करावा लागला. बाद करायचा म्हणून स्वतःचेच नियम मोडावे लागले. मोडलेल्या नियमांच्या तारखा कागदावर राहिल्या. अमेरिकेने आणि इतर कित्येक देशांनी हे विलीनीकरण कायदेशीर म्हणून कधी मान्य केले नाही. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने नवे राष्ट्र स्थापन झाल्याचे जाहीर केले नाही, जुनेच प्रजासत्ताक पुन्हा चालू झाले असे मानले. टोनिसन यांच्या अर्जांनीच हे घडवले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण त्या दाव्याच्या कागदपत्रांत त्यांच्या अर्जांचाही कागद आहे. मित्राला मी हे सांगितले. त्याला ते पटलेले नाही.

टोनिसन पळाले नाहीत. १९४० मध्येच त्यांना अटक झाली. चौकशीचे कागद सुदैवाने शिल्लक आहेत. त्यांवरून दिसते की त्यांनी आपल्या सहकाऱ्यांविषयी उपयोगी पडेल अशी काहीही माहिती दिली नाही आणि कम्युनिस्टांविरुद्ध आयुष्यात जे केले त्याबद्दल पश्चात्तापही व्यक्त केला नाही. बाहत्तर वर्षांचा म्हातारा, समोर गुप्त पोलीस, रोज तेच प्रश्न. साऱ्या जन्मभर ज्याने प्रत्येक गोष्ट नाव लिहून, सही करून केली, त्याने शेवटी फक्त नावे सांगायचे नाकारले.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली आणि पुढे कागद थांबतात. जुलैच्या प्रारंभी टालिनमध्ये त्यांना गोळी घातली असावी, असे बहुतेक अभ्यासकांना वाटते. त्यांच्या बरोबरीच्या लोकांचेही असेच झाले. त्या प्रजासत्ताकाच्या साऱ्या माजी राष्ट्रप्रमुखांत ऑगस्ट रेइ हे एकटे स्वीडनला निसटले. स्ट्रांडमान यांनी १९४१ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. बाकीचे गोळीने, तुरुंगात किंवा छावणीत संपले. आणि पॅट्स? त्यांना १९४० च्या जुलैतच कुटुंबासह रशियात उफा येथे नेले. पुढे तुरुंग, मग वेड्यांचे इस्पितळ, आणि तेथेच १९५६ मध्ये त्यांचा अंत झाला. ज्याने वृत्तपत्र हिरावले आणि ज्याचे हिरावले गेले, दोघांनाही एकच मालक भेटला. पॅट्स यांच्या अस्थी १९९० मध्ये सापडल्या, टालिनला आणल्या आणि सन्मानाने पुरल्या. टोनिसन यांचा टार्टूत २००१ साली पुतळा उभारला. अस्थी सापडल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा रात्री जेवताना मी ही हकिकत वडिलांना सांगितली. एस्टोनिया कुठे आला हे त्यांना सांगता सांगता मला जरा वेळच लागला. पेढीची गोष्ट त्यांनी नीट ऐकली, व्याज किती घेत असत ते विचारले, ते मला ठाऊक नव्हते. निवडणुकीची गोष्ट ऐकताना त्यांनी चुलत्यांकडे पाहिले. शेवट सांगून झाल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी एवढेच विचारले की त्या माणसाची माती कुठे झाली. मी सांगितले की कोणालाच माहीत नाही. आईने मध्येच विचारले, मग त्याच्या घरचे वर्षश्राद्ध कोणत्या तिथीला घालत असतील. त्या लोकांत श्राद्ध नसते असे मी म्हणालो, पण ते काही तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.